मुलांच्या मनातील दंतवैद्याची भीती

न्हावा शेवा परिसरातून कामोठ्याच्या एमजीएम दंत महाविद्यालयासारख्या संस्थेतील बालदंतरोग विभागाची वाट दात ठणकू लागल्यावरच धरली, तर मुलाच्या मनात पहिल्या भेटीची आठवण वेदनेशी जोडली जाते आणि भीती मूळ धरते. म्हणूनच पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली तपासणी व्हावी, असे बालदंतवैद्यक सुचवते.

तीन वर्षांखालील मूल आईच्या मांडीवरच तपासले, तर ते आश्वस्त राहते. तीन ते सहा वयोगटासाठी ‘सांगा, दाखवा, करा’ ही १९५९ मध्ये ॲडलस्टन यांनी मांडलेली पद्धत उपयोगी पडते. तिच्यात छोटा आरसा दात मोजतो असे सांगून, तो मुलाच्या नखावर टेकवून दाखवून, मगच तोंडात नेला जातो. शाळकरी मुलाला ‘हात वर केलास की काम थांबेल’ असा संकेत ठरवून दिला आणि तो पाळला, तर प्रसंगावर आपलाही ताबा आहे हे त्याला उमगते. किशोरवयीनांना मात्र बधिरीकरणाची, म्हणजे औषधाने तेवढाच भाग सुन्न करण्याची, प्रामाणिक माहिती द्यावी.

‘ब्रश केला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक घराघरांतून हद्दपार होणे, हाच या भीतीवरचा पहिला उपचार होय.