पायी पाहिलेले पुणे



मंडळाच्या पुणे-फेरीविषयी दोन शब्द सांगते. सायकलीने सिंहगडाचा पायथाही गाठता येतो. पण पेठांच्या बोळांत पायच बरे.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, हे शाळेत शिकले होते. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तींना अडवण्यासाठी होते, हे मात्र वाटाड्याने समोर उभे करून सांगितले. पुढे दगडूशेठ गणपतीसमोर थांबलो. तिथल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंनी शिकवले. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. वास्तू गेल्यावर सांगणारा माणूसच उरतो ना! मी सातवी शिकले ती त्याच शाळेच्या पुण्याईने.

पुढच्या फेरीला लेकीसुनांना आणा. चपला मात्र जुन्या, सवयीच्या घाला.