गळाचा मासा आणि मुशी

चंदीगडात बसून मुशीविषयी बोलावे, हे थोडे विचित्रच. समुद्र येथून फार दूर. परंतु १९५८ साली बांध घालून निर्माण केलेल्या सुखना तलावाकाठी गळ टाकून बसलेला एखादा गृहस्थ दिसला, की मला कोकणातील खाड्या आठवतात. हौस तीच, चिकाटीही तीच. फरक इतकाच, की येथे गळाच्या माशावर पाणकावळ्यांखेरीज कोणी हक्क सांगत नाही. समुद्रात मात्र मोठा हक्कदार असतो.

गळाला लागलेला मासा धडपडू लागला, म्हणजे त्याची कंपने पाण्यातून दूरवर जातात. मुशीच्या दोन्ही कुशींवरील संवेदनशील रेषेला ती कळतात. रक्ताचा वास वाट दाखवतो. अगदी जवळ आल्यावर तिच्या नाकाडावरील सूक्ष्म रंध्रांना माशाच्या देहातील विजेचाही सुगावा लागतो. मग हौशी मासेमाराच्या हाती उरते ते केवळ मुंडके! त्याचा संताप मी समजू शकतो. पण मुशीला चोर म्हणणे मला पटत नाही. घायाळ मासा टिपणे हा तिचा जन्मजात धर्म. ताट वाढतो आपण.

यावर उपाय साधे आहेत. दोरी मजबूत घ्यावी आणि मासा खेळवीत न बसता लवकर वर घ्यावा. एक मासा गेला की जागा बदलावी. तेथेच हट्टाने बसणे म्हणजे मुशीला शिकवणी लावणे होय. माशांची आतडी होडीभोवती टाकू नयेत.

मात्र हा तंटा नेहमी माशापुरताच राहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका तरुणाच्या पायाला मुशीने चावा घेतला व तो गंभीर जखमी झाला. मुशीच्या काही जाती खाडीतून नदीत वर चढतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेव्हा गढूळ पाण्यात कमरेइतके उतरून, पकडलेले मासे अंगाशी बांधून उभे राहू नये.

आणि मुशीच गळाला लागली तर? ती सावकाश वयात येते, पिलेही थोडीच देते; मारलेल्या मुशीची जागा लवकर भरत नाही. म्हणून तिला होडीत न ओढता, पाण्यातच गरीजवळ दोरी कापावी. व्हेल शार्कला तर २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. अशा संरक्षित जीवासाठी जाळे कापणाऱ्या कोळ्याला महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये भरपाई देऊ केली. कोळ्याचे ते पोट असते. हौशी माणसाचे जाते काय? एक गरी आणि हातभर दोरी.