शाळेची चूल आणि गावचे शिवार



शाळेत मुलांना दुपारी काय वाढतात, असे महाराष्ट्रात कुणालाही विचारा. उत्तर येईल, खिचडी. 1995 साली शालेय आहाराची योजना सुरू झाली तेव्हा शाळेत चूल नव्हतीच. हजेरी भरली की मुलाने महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शिजवलेलेच जेवण द्या, आणि मग पातेली चढली. पुढे योजनेची नावे बदलली, पाककृतींच्या यादीत पुलाव आणि मसालेभात आले. तांदूळ तोच राहिला.

हा तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. डाळ, तेल, तिखट-मीठ पुरवठादाराकडून, निविदेने. मुख्याध्यापकाच्या हातात उरतो तो भाजीपाला. म्हणजे शाळेच्या कुंपणापलीकडे ज्वारी उभी असते, बांधावर तूर असते, आणि मुलांच्या ताटातले बहुतेक सगळे ट्रकमधून उतरलेले असते.

याला अधिकाऱ्यांचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तांदळाने बाजी मारली ती आणखी एका कारणाने, आणि ते कारण चुलीपाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. भात एका पातेल्यात होतो. शंभर मुलांसाठी शंभरावर भाकऱ्या थापायच्या म्हणजे तुटपुंज्या मानधनावर स्वयंपाक करणाऱ्या बाईचे मनगट मोडेल. भाषणात ‘मुलांना भाकरी द्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा परात पुढ्यात घेऊन बसावे. मग ज्वारी द्यायचीच नाही का? द्यायची, पण कण्या करून. नाचणीची आंबील, कुळथाचे पिठले, चवळी-मटकीची उसळ हे सारे पातेल्यातलेच पदार्थ आहेत. आपल्या आज्यांनाही वेळ नव्हता. त्यांनी ही सोय आधीच करून ठेवली आहे. आणि नाचणीत 100 ग्रॅममागे कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर सडीक पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. वाढत्या हाडांच्या मुलांना आपण यातले काय देतो आहोत?

थोडे गणित करू. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरले आहे. शंभर मुलांच्या शाळेला रोज 5 किलो भाजी लागली, तर 200 दिवसांत एक टन. वर्षात चाळीस दिवस नाचणी द्यायची ठरवली तर चार क्विंटल. एवढे एका गावात सहज पिकते. शाळेची परसबाग चांगलीच. मुलांना वाल वेलावर लागतो हे कळते. पण मे महिन्यात तिला पाणी कोण घालणार? परसबाग ही शिकण्याची जागा आहे, तिच्यावर पुरवठ्याचा भार टाकू नये. पुरवठा हा शेतकऱ्याचा धंदा आहे.

शेतकरी मात्र शाळेच्या दारात येत नाही, कारण दार त्याच्या मापाचे नाही. निविदा जिल्ह्याची किंवा राज्याची. त्याच्याकडे दहा गुंठे तूर. भाजीचेही पक्के बिल मागतात, ते त्याच्याकडे नसते. पैसे अडकले तर दुकानदार थांबू शकतो. हातावर पोट असलेला माणूस थांबू शकत नाही.

हे दार ब्राझीलने रुंद केले. तिथे शालेय आहार 1955पासून आहे. 2009च्या कायद्याने त्यांनी अट घातली, की शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडच्या खरेदीवर खर्च करायचा. यातली खरी मेख पुढे आहे. या खरेदीला निविदा लागत नाही. नगरपालिका काय हवे, किती हवे आणि कोणत्या भावाने, हे आधीच जाहीर करते. भाव बाजार पाहून ठरतो आणि सगळ्यांना तोच. त्यामुळे सर्वांत स्वस्त कोण, ही शर्यतच उरत नाही; सर्वांत जवळचा कोण, हे पाहिले जाते. आहारतज्ज्ञाने आसपास काय पिकते ते पाहून जेवणाचा तक्ता आखायचा. अनेक नगरपालिकांना सुरुवातीला 30 टक्केही गाठता आले नाहीत. रस्ते वाईट, शेतकरी असंघटित. तरी कायदा मागे घेतला नाही. 2025 साली तो दुरुस्त करून 2026पासून हे प्रमाण 45 टक्के केले.

कुणी म्हणेल, गावचे अन्न सुरक्षित कशावरून? प्रश्न रास्त आहे. 2013 साली बिहारमध्ये कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन 23 मुले दगावली. गावच्या मेथीवरही फवारणी होते. जवळचे ते शुद्ध, असे मी म्हणणार नाही. तपासणी हवीच. पण फवारणी कधी झाली, हे जिला थेट विचारता येते त्या बाईकडून घेतलेली भाजी आणि तीन हात बदलून आलेली भाजी, यांतली कोणती तपासायला सोपी, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे 30 टक्क्यांचा कायदा कधी होईल तेव्हा होवो. ब्राझीलने तो केला त्याच 2009 साली आपल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली, आणि तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. समोर बसलेल्यांपैकी काही जण त्या समितीवर असतील. सही करण्यापुरते जात असतील. पुढच्या सभेला भाजीपाल्याची बिले मागा. गावातल्या बचत गटाला दर सोमवारची पालेभाजी ठरवून द्या, आणि तिचे पैसे महिन्याच्या आत चुकते होतील असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.