वऱ्हाडात झालेले दोन तह



दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीशी कोणत्या अटींवर तह करावयाचा, हे जेत्या राष्ट्रांना ठरविता आले नाही. १९४५ च्या पॉट्सडॅम परिषदेने परराष्ट्रमंत्र्यांचे मंडळ नेमले. १९४७ मध्ये हे मंडळ मॉस्कोत व लंडनमध्ये बसले, नुकसानभरपाईवरून भांडले आणि उठले. अखेरचा करार झाला तो १२ सप्टेंबर १९९० रोजी. तेथे फूट जेत्यांत होती. अमरावती जिल्ह्याच्या भूमीवर १८०३ साली जे घडले, त्यात ती पराभूतांत होती.

२३ सप्टेंबरला असईची लढाई हरल्यावरही दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा मोडलेल्या नव्हत्या. परंतु २३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलाने स्वतंत्रपणे युद्धतहकुबी केली. भोसले त्यात नव्हते. सहाच दिवसांनी अकोटजवळच्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला.

मग १७ डिसेंबरला एलिचपूरजवळच्या देवगावी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी तहावर सही केली. कटक प्रांत गेला, वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख गेला. नरनाळा, गाविलगड व चार लाखांचा प्रदेश तेवढा राहिला. निजाम व पेशवे यांच्याशी होणाऱ्या तंट्यात लवाद इंग्रजांचा, हेही मान्य करावे लागले. अवघ्या तेरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, सुर्जी अंजनगावला शिंद्यांचा वेगळा तह झाला. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच व अहमदनगर हातचे गेले. होळकर तर या युद्धात उतरलेच नव्हते. १८०४ मध्ये ते एकटे लढले.

समोरच्या बाजूस कंपनी, निजाम आणि (हे सांगतानाही खेद वाटतो) वसईच्या तहाने बांधला गेलेला पेशवा, असे तिघे होते; पण तिघांच्याही वतीने लेखणी एकट्या आर्थर वेलस्लीच्या हाती होती.

मराठ्यांकडे बुद्धीची वाण नव्हती. शिंद्यांचे वयोवृद्ध मुत्सद्दी विठ्ठलपंत वाटाघाटीत चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसत. पुढे वेलस्लीला फ्रान्सच्या तालेराँविषयी विचारले असता, तो विठ्ठलपंतांसारखाच आहे, मात्र तेवढा हुशार नाही, असे त्याने सांगितल्याचे जॉन माल्कमच्या चरित्रात नमूद आहे. पण पंतांच्या पाठीशी दुसरे मराठी सैन्य उभे नव्हते.

जेत्यांतही कुरबुर झाली. ग्वाल्हेर कोणाचे, या वादात आर्थरने गव्हर्नर जनरल असलेल्या आपल्या भावाविरुद्ध मत दिले. १८०५ च्या नव्या तहाने ग्वाल्हेर शिंद्यांना परत मिळाले.

वऱ्हाड मात्र मिळाले नाही. जेथे निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल होता, तो प्रदेश निजामाच्या पदरात पडला. आणि १८५३ मध्ये, इंग्रजांच्याच हुकमतीतील फौजेचा खर्च थकला म्हणून, त्याच निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले.