‘वरचे तुमचे’ आम्ही का घेत नाही



आम्ही तिघी एकाच बचत गटातल्या. राहतो घाटावर, पण कामासाठी घाटाखालीही जातो. शेती आणि शिवणकाम सांभाळून आम्ही लोकांना घर किंवा प्लॉट घेऊन देतो. सरळ शब्दात सांगायचं तर दलाली करतो. बाईनं दलाली करायची म्हटलं की अजूनही काही जण हसतात. हसू द्या. आमच्यातल्या एकीला सात-बारा चांगला वाचता येतो, दुसरीची दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीची ये-जा, आणि तिसरीला घासाघीस जमते. गटातल्या बायका कागद घेऊन विचारायला येऊ लागल्या आणि त्यातूनच हे काम उभं राहिलं.

आज बोलायचंय ते या कामातल्या एका अडचणीबद्दल. घर पाहून झालं की बाई आम्हाला बाजूला घेते आणि विचारते, “माय, खरं सांग मले, घेऊ का नको?” तिच्या मनानं ती आपल्या माणसाला विचारत असते. पण ती ‘घेते’ म्हणाली तर आम्हाला पैसे मिळतात, ‘नाही’ म्हणाली तर आमचा गाडीखर्चसुद्धा निघत नाही. मग आम्ही देतो तो सल्ला की विक्री?

आधी या धंद्यात पैसा कसा फिरतो ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. दलाल विकणाऱ्याकडून टक्का घेतो, बरेचदा घेणाऱ्याकडूनही घेतो. एक टक्का, दोन टक्के, जसं ठरेल तसं. यात वावगं काही नाही, चपला तर त्याच्याही झिजतात. पण आणखी एक पद्धत आहे, ती बायकांना सहसा माहीत नसते. विकणारा दलालाला म्हणतो, “मला सात लाख आणून दे. वरचे तुमचे.” मग दलाल तेच घर आठ लाखांना सांगतो. तुम्ही घासाघीस करून पावणेआठवर आणता आणि खूश होता, कारण ‘आपल्या भावानं पंचवीस हजार कमी करून दिले’. त्या भावाच्या खिशात पाऊण लाख गेलेले असतात. ते पाऊण लाख तुम्ही गटाच्या कर्जातून दिलेले असतात, त्यावर व्याज तुम्ही भरता, आणि हप्ता थकला तर बैठकीत मान खाली तुम्हीच घालता.

‘वरचे तुमचे’ या बोलीत दलाल घेणाऱ्या बाईचा राहूच शकत नाही. तो स्वभावानं कितीही चांगला असो, ती जितकी जास्त देईल तितकं त्याचं भलं होतं. म्हणून आम्ही या बोलीला पहिल्या दिवसापासून नाही म्हणतो. जागा दाखवायच्या आधीच, तिच्या ओट्यावर बसून आम्ही सांगतो की विकणाऱ्याकडून आम्हाला इतके मिळणार आहेत, तुमच्याकडून इतके घेऊ, याउपर एक रुपया नाही. हे वहीत लिहितो आणि खाली दोघींच्या सह्या घेतो. काही बायकांना हे चमत्कारिक वाटतं. एक काकू म्हणाल्या, “लग्नाआधी काडीमोडाचा कागद करता का गं?” पण ही गोष्ट आमच्याच डोक्यातली नाही. अमेरिकेतही यावरून मोठा खटला झाला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या दलालांच्या मोठ्या संघटनेनं नियम केला की घेणाऱ्याच्या दलालानं घर दाखवण्याआधी आपली फी लेखी ठरवून घ्यायची.

आता कोणी म्हणेल, तुम्ही विक्री वाईट ठरवता. तसं अजिबात नाही. कधीकधी बाईला ढकलावंच लागतं. एक ताई मुलांच्या शिक्षणासाठी चिखलीला भाड्यानं राहत होत्या. जुनं पण पक्कं घर मिळालं, कागद स्वच्छ, भाव वाजवी, बँकेनं कर्जही मंजूर केलं. आणि ताई अडकल्या. दीर काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील. तिथं आम्ही तासभर बसून बोललो, अगदी चांगल्या विक्रेत्यासारखं बोललो. “ताई, जे तपासायचं ते सगळं तपासून झालं. आता उरली ती भीती. ती पुढच्या वर्षीही राहील आणि भाडं मात्र वाढेल.” ताईंनी घर घेतलं. कागद नीट आहेत, हप्ता झेपणारा आहे आणि बाई नुसती घाबरली आहे, तेव्हा आग्रह करणं आम्हाला पटतं.

आणखी एका गोष्टीसाठी आम्ही हट्टानं आग्रह धरतो, ती म्हणजे खरेदीखतात बाईचं नाव. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सहा लाखांच्या घराला सहा हजार वाचतात. नवरे लोक या हिशेबानं तयार होतात हे आम्ही पाहिलंय. पण इथेही पूर्ण सांगायचं. ही सवलत घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. आणि नवऱ्यासोबत जोडनाव असेल तरी मिळत नाही. ‘प्लॉट बायकोच्या नावावर घ्या, टक्का वाचेल’ असं सांगणारा एकतर अर्धवट माहितीवर बोलतो, नाहीतर फसवतो.

जे आम्ही करत नाही ते वेगळं. ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच इसार द्या.’ ‘पाडव्याचा मुहूर्त चुकवू नका.’ आणि आपल्या जिल्ह्यातला लाडका मंत्र, ‘भाव दुप्पट होणार’. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, सिंदखेड राजा भागातून गेला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून रस्त्यापासून दहा-बारा किलोमीटर आत असलेलं शेतही ‘समृद्धीलगत’ झालंय. पण त्या रस्त्यावर वाटेल तिथून चढता-उतरता येत नाही, ठरावीक ठिकाणीच येतं. तुमच्या प्लॉटपासून ते ठिकाण किती लांब, हे विचारल्याशिवाय ‘लगत’ या शब्दाला अर्थ नाही. खामगाव-जालना रेल्वेचंही तसंच. इंग्रजांच्या काळापासून ती मागणी आहे. ती व्हावी असं आम्हालाही वाटतं. पण न आलेल्या रेल्वेचा भाव आज बाईच्या गाठीतून काढायचा, हे आमच्याच्यानं होत नाही.

आता एका मावशींबद्दल सांगतो. एकट्या, मजुरी करून पोट भरणाऱ्या, दोन लाख गाठीला बांधलेले. गावालगतच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. भाव मावशींना परवडणारा होता आणि विकणारा नात्यातला होता. आम्हालाही दोन्हीकडून चार पैसे सुटणार होते. आम्ही सात-बारा काढला. ऑनलाइन पाहायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. जमीन शेतीची, अकृषक झाल्याचा आदेश नाही, लेआउट मंजूर नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा असा सहज विकता येत नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. त्यानंतर काही भागांत सवलती देण्याचं काम सरकारनं केलंय. म्हणून आपल्या गावाला आज कोणता नियम लागतो हे तलाठी आणि दुय्यम निबंधक, दोघांकडे विचारायचं. तर या जागेची खरेदी नोंदवली जाणार नव्हती. विकणारा म्हणाला, “नोटरी करून देतो की. सगळे असंच घेतात.”

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. स्टँपपेपरवर लिहून नोटरीसमोर सही केली म्हणजे जागा आपली झाली, हा समज गावोगावी आहे. १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो की शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर खरेदीखत नोंदवावंच लागतं. नोटरी तुमची सही खरी आहे एवढं सांगतो. जागा कोणाची, हे तो सांगत नाही. उद्या विकणारा वारला आणि त्याच्या मुलांनी हात वर केले, की मावशींच्या हातात एक कागद उरला असता आणि कोर्टाच्या चकरा.

आम्ही मावशींना नको म्हणालो. त्या रागावल्या. “तुमी तं दाखवाले नेलं, आन् आता नाही म्हणता?” विकणारा तर आमच्याशी बोलायचाच थांबला. आणि खरं सांगायचं तर मावशी अजून भाड्याच्या खोलीतच राहतात. दोन लाखांत स्वच्छ कागदाची जागा त्या गावाजवळ मिळाली नाही. आमची नुसती दलाली गेली, वाट मात्र त्या पाहतायत. त्यांचं नाव घरकुलाच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारायला आम्ही त्यांना घेऊन गेलो. कारण ज्या पात्र लाभार्थ्याला जागाच नाही, त्याला जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. ते काम अजून चालू आहे. यात आम्हाला दलाली नाही.

गावठाणातल्या घराचंही थोडं सांगतो. ‘नमुना आठ आहे ना माझ्या नावानं’ असं विकणारा छाती ठोकून सांगतो. नमुना आठ हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कोण भरतं ते त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. आपल्याकडे ई-क्लासवर, म्हणजे सरकारी जमिनीवर, बांधलेली कितीतरी घरं आहेत. त्यांचीही घरपट्टी भरली जाते. तेव्हा जागा ई-क्लास आहे का, भोगवटादार वर्ग दोनची आहे का, हे आधी पाहायचं. वर्ग दोन असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. काही गावांत ड्रोननं मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत. असेल तर ती मागा.

घाटाखाली गेलात तर कागदाइतकंच पाणी पाहा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. दलाल सांगतो, ‘बोअरला भरपूर पाणी’. खोटं नसतं ते. भरपूर असतं आणि खारट असतं. आम्ही जागा पाहायला जातो तेव्हा शेजारच्या घरी पाणी मागतो. तहान लागलेली असो-नसो. एक घोट घेतला की दलालाचं अर्धं भाषण संपतं. आणि तिकडची खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिथं पाया वेगळा घालावा लागतो, खर्च वाढतो. शेजारच्या भिंतींना तिरप्या चिरा दिसल्या तर गवंड्याला विचारा. प्लॉट स्वस्त आणि पाया महाग, असा सौदा आम्ही ‘स्वस्त’ म्हणून सांगत नाही.

खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशा शहरांत मोठ्या लेआउटमध्ये घेत असाल तर रेरा कायदा तुमच्या बाजूनं आहे. कायदा २०१६ चा, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे लागते. जाहिरातीत तो नंबर हवा, ‘पी’ या अक्षरानं सुरू होणारा, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. अशा प्रकल्पात विकणाऱ्या दलालाचाही नंबर असतो, तो ‘ए’ अक्षरानं सुरू होतो. त्यासाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. आमच्यातली एक त्या परीक्षेला बसली आणि पास झाली, म्हणून अशा लेआउटचे सौदे तीच पाहते. आणि लक्षात ठेवा, नोंदवलेला करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई आहे. नऊ लाखांचा प्लॉट असेल तर नव्वद हजार, बस. खोटी माहिती देऊन विकायची नाही आणि घेणाऱ्याला सगळे कागद मिळवून द्यायचे, हे कायद्यानं दलालावरच टाकलंय.

आता आमच्या अडचणीवर आम्ही काय तोडगा काढला तो. आमच्यातली जी जागा दाखवते, ती कागद तपासत नाही. कागद दुसरी तपासते. तिनं नाही म्हटलं की विषय संपला, मग दाखवणारीनं कितीही मेहनत केलेली असो. यावरून आमच्यात भांडणं होतात. एकदा तर आठ दिवस अबोला होता. दुसरं म्हणजे, कागद पाहायचे आम्ही पाचशे रुपये वेगळे घेतो, सौदा होवो न होवो. यावर बायका कुरकुरतात, “नाही म्हणायचे पैसे घेता का?” हो, त्याचेच घेतो. ‘नाही’ म्हणायचे पैसे मिळाले की ‘घ्या’ म्हणायची घाई होत नाही. आणि रक्कम मोठी असेल तर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला वकिलाकडे पाठवतो. वकील घेणारीनं निवडलेला, विकणाऱ्याचा नाही. आम्ही वकील नाही, हेही वहीत लिहिलेलं असतं.

तर तुमच्या गटात कोणी घरासाठी किंवा प्लॉटसाठी कर्ज मागितलं, तर इसाराचे पैसे हातात देण्याआधी त्या दलालाला एकदा बैठकीला बोलवा. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. मग सगळ्यांदेखत विचारा, “भाऊ, विकणाऱ्याकडून तुम्हाला किती मिळणार?” चहा आधी देऊ नका. उत्तर आल्यावर द्या.