खानदेशची भिल्ल पलटण



खानदेशच्या भिल्ल पलटणीचा इतिहास बहुधा ती उभारणाऱ्या जेम्स आउटरम या इंग्रज अधिकाऱ्यापासून सांगतात. मी तो 1803 च्या दुष्काळापासून सांगणार आहे. होळकर-शिंद्यांच्या भांडणात खानदेश तुडवला गेला, पाठोपाठ पावसानं दगा दिला. गावं आणि घाटवाटा राखणाऱ्या भिल्ल नाईकांचे हक्क बुडाले. राखणदारच डोंगरात शिरले आणि पोटासाठी धाडी घालू लागले. 1818 साली कंपनी सरकार आलं. त्यानं फौजा धाडल्या. पण रानात शिपाई तापानं आडवे होत आणि एक नाईक धरला की दुसरा उभा राही.

अखेर 1825 मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत भिल्लांचीच पलटण उभारायचं ठरलं. ठाणं धरणगावला, काम सोपवलं बावीस वर्षांच्या लेफ्टनंट आउटरमवर. तो पहारा न घेता नाईकांच्या रानात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांना दारू पाजली. एवढं करून तयार झाले पाच जण. आउटरमच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात. मला त्या पाचांचं धाडस मोठं वाटतं. कालपर्यंत ज्यांच्या गोळ्या चुकवल्या, त्यांच्याच ठाण्यात ते आपल्या पायांनी चालत गेले. तिथं घात झाला असता तर विचारणारं कोण होतं? आउटरमचा पुतळा कलकत्त्यात उभा राहिला. या पाचांची नावंही आपल्या तोंडी नाहीत.

  

त्या पाचांपासून पुढे पलटण उभी राहिली. 1830 मध्ये याच पलटणीला डांगच्या भिल्ल राजांवर नेलं. पण खरी कसोटी लागली ती सत्तावन्नच्या उठावात. सेंधवा घाटाचा रस्ता राखणारे खाज्या नाईक कंपनीवर उलटले, त्यांच्यासोबत भीमा नाईकही उठले. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या कित्येकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. नाईकांच्या मागावर असलेल्या फौजांत भिल्ल पलटणही होती. दोन्ही बाजूंना सातपुड्याचीच लेकरं. त्या शिपायांना मी फितूर म्हणणार नाही. ज्या राज्यानं आधी त्यांच्या नाईकांवर फौजा धाडल्या, त्याच राज्याचा पगार हा त्यांच्या घरच्या चुलीचा आधार होता.