डोळस सेवा

(हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांनी ग्रस्त प्रौढांच्या परिचर्येविषयी नागपुरातील कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नागपूरच्या कोणत्याही वसाहतीत सहज आढळेल असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक, अडुसष्ट वर्षांची पत्नी, मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. गुरुजींना आठ दिवसांनी रुग्णालयातून घरी आणले आहे. हृदयाची पंपिंग क्षमता कमी झाली आहे, पथ्य पाळा, गोळ्या चुकवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरी पोहोचताच पत्नीने मनोभावे सेवा मांडली. मऊ भात, वरण, वर साजूक तूप. तोंडाला चव यावी म्हणून लिंबाचे लोणचे आणि भाजलेला पापड. चौथ्या दिवशी सहज वजन केले, तर ते अडीच किलोने वाढलेले! घरात आनंदीआनंद झाला. ‘घरचे अन्न अंगी लागले’ म्हणून पुण्याला फोन गेला. त्याच रात्री दोन वाजता गुरुजी धापा टाकीत अंथरुणात उठून बसले आणि पहाटेच्या आत पुन्हा रुग्णालय गाठावे लागले.

हे घर काल्पनिक आहे, पण त्याची कथा कोणत्याही हृदयरोग विभागातील परिचारिकेला विचारावी. ती म्हणेल, हे तर नेहमीचेच. ते वाढलेले वजन मांसाचे नव्हते, पाण्याचे होते. दुर्बळ हृदय शरीरातील पाणी पुढे ढकलू शकत नाही. लोणच्या-पापडातील मीठ ते पाणी धरून ठेवते. ते आधी पायांत आणि मग फुप्फुसांत साचते. त्या घरात माया तसूभरही कमी पडली नव्हती. कमी पडले ते निरीक्षण. आजच्या विषयाचे सार एवढेच की, सेवेला भावना लागते, तसे शास्त्रही लागते. परिचर्या हे त्या शास्त्राचे नाव आहे.

परिचारिका काय पाहते?

रुग्णालयात डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतात. चोवीस तासांचा पहारा परिचारिकेचा असतो. औषध देणे हा तिच्या कामाचा दृश्य भाग. खरे काम आहे पाहणे, मोजणे, लिहून ठेवणे आणि वेळेवर सांगणे. काल रुग्ण एका उशीवर झोपत होता, आज तीन उशा मागतो आहे. काल स्वतः स्नानगृहात गेला, आज दाराशीच थांबून भिंतीला टेकला. पायमोज्याची खूण काल अस्पष्ट होती, आज खोल उमटली आहे. घरच्या माणसांना या क्षुल्लक गोष्टी वाटतात. परिचारिकेला त्यांत येऊ घातलेले संकट दिसते.

ही दृष्टी घरीही आणता येते, आणि तिला फार खर्च नाही. पंपिंग कमी असलेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत करावे आणि वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, पायांवर सूज आली किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गुरुजींच्या घरी पहिल्या दिवसापासून अशी वही असती, तर दोन वाजताची ती धावपळ बहुधा टळली असती. लघवीची गोळी डॉक्टरांनी अन्यथा सांगितले नसेल तर सकाळी द्यावी, म्हणजे रात्रीची झोपमोड आणि अंधारात पडण्याचा धोका टळतो.

मिठाविषयी आपल्या घरांत एक मोठा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याएवढ्याहूनही कमी, मीठ सांगते. भाजीतले मीठ कमी केले आणि ताटात सांडगे, कुरडया, चिवडा, लोणचे राहिले, तर पथ्य नावापुरतेच उरते. उपवासाचे सैंधव निर्धोक असते, ही समजूतही खरी नाही. तेही मुख्यतः सोडियमच आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घरात आणू नये.

नागपूरकरांना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांपलीकडे जातो. लघवीची आणि रक्तदाबाची औषधे घेणारा वृद्ध त्या दिवसांत उठताना चक्कर येऊन पडू शकतो. एरवी पाणी मोजून पिण्यास सांगितलेल्या रुग्णाने उन्हाळ्यात किती प्यावे, गोळीची मात्रा बदलावी काय, हे वैशाखाची वाट न पाहता चैत्रातच डॉक्टरांना विचारून ठेवावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये आणि भरमसाट पाणीही पाजू नये.

रक्तदाब, साखर आणि उपवास

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता अनेक घरांत आले आहे, परंतु मोजण्याची शिस्त आलेली नाही. बाजारातून येताच, बोलता बोलता, सदऱ्याच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेला आकडा विश्वासार्ह नसतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. उघड्या दंडावर योग्य मापाचा पट्टा बांधावा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मौन पाळावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. एका आकड्यावरून घाबरू नये आणि एका चांगल्या आकड्यावरून गोळीही सोडू नये.

मधुमेही व्यक्तीस अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे. एकादशी, चातुर्मास, नवरात्र यांचे उपवास आपल्या घरांत श्रद्धेने होतात. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीच्याच मात्रेत घेऊन दिवसभर पोट रिकामे ठेवणे धोक्याचे आहे, आणि संध्याकाळी बशीभर साबुदाण्याची खिचडी हा त्यावरचा उपाय नव्हे. व्रतापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. आजारी माणसाला व्रतातून मोकळीक देण्याची समज आपल्या परंपरेत पूर्वापार आहे.

छातीत भरून येणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम येणे ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे बहुतेकांना ठाऊक आहेत. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात मात्र झटका कधी कधी वेदनेवाचूनही येतो. दम लागतो, मळमळते, विलक्षण थकवा येतो. ‘पित्त झाले असेल’ म्हणून ओव्याची फक्की देत घालवलेला तास हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग मारून जातो. रुग्णाला जिना उतरवू नये, स्कूटरवर बसवू नये; 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात उचलता न येणे, जीभ जड होणे ही पक्षाघाताची चिन्हे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षण कितीला दिसले ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या रक्ताच्या गोळ्या, दात काढायचा आहे म्हणूनही, हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नयेत. हिरड्यांतून रक्त येणे किंवा शौचाला काळे होणे दिसताच मात्र विलंब न करता दाखवावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. टाचा, माकडहाड, खांदे रोज तपासावेत. तिथली लाली दाबूनही जात नसेल, तर ती येऊ घातलेल्या जखमेची पहिली सूचना असते.

कमलाताईंचा वारसा

ही दृष्टी शिकून घ्यावी लागते, हे नागपूरला एका शतकापूर्वीच उमगले होते. बालवयात विवाह आणि कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे आणि प्रसूतीचे शिक्षण घेतले. पांढरपेशा घरातील विधवेने रुग्णालयात जाऊन परक्यांची शुश्रूषा करावी, हे त्या काळी समाजाला रुचणारे नव्हते. पण कमलाताईंनी शिकलेले ज्ञान घरात ठेवले नाही. 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने त्यांनी नागपुरात मातृ सेवा संघ उभा केला. प्रसूतिगृहापासून सुरू झालेले हे कार्य पुढे विदर्भात पसरले आणि वृद्धांसाठी ‘पंचवटी’सारखी वास्तूही त्यातून उभी राहिली. 1961 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

कमलाताईंकडे करुणा होती, तशी ती त्या काळच्या असंख्य आजींकडे, आत्यांकडेही होती. कमलाताई वेगळ्या ठरल्या त्या शिक्षणामुळे. त्यांनी करुणेला प्रशिक्षणाची जोड दिली आणि ते प्रशिक्षण संस्थेच्या रूपाने समाजाला दिले.

त्यानंतर शंभर वर्षांत काय घडले? आपल्या सभांत ‘सेवा’ हा शब्द सर्वाधिक उच्चारला जातो. पण मुलगी परिचारिका होते म्हणाली, तर सुस्थितीतल्या किती घरांत आनंद होतो? मुलाने हा मार्ग धरला तर किती वडील तो अभिमानाने सांगतात? आजारी वडिलांच्या खाटेशी उभे राहून ‘सिस्टरला काय कळते, डॉक्टरांना बोलवा’ असे म्हणणारे आवाज कोणत्या घरांतले असतात? सामान्य परिचर्येची पदविका तीन वर्षांची आणि पदवी चार वर्षांची असते. त्यात शरीरशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र शिकावे लागते, रात्रपाळ्या कराव्या लागतात. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाने नागपूरला ग्रासले, तेव्हा नातलगांना जिथे प्रवेश नव्हता तिथे रुग्णांच्या उशाशी परिचारिकाच होत्या. अनेकांच्या अखेरच्या क्षणी हात धरायला दुसरे कोणी नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी, करोनाच्या सुरुवातीला, आपण घराच्या गच्चीवरून टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या विरल्या. रुग्णालयाच्या बाकावर त्यांच्याशी बोलण्याची आपली पद्धत बदलली काय, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा आहे. पहिली, रुग्णाला घरी नेताना गाडीची घाई करण्याआधी अर्धा तास विभागातील परिचारिकेकडे मागून घ्यावा. कोणती गोळी कशासाठी, कोणती जेवणाआधी, कोणते चिन्ह दिसले की लगेच कळवायचे, हे विचारून लिहून घ्यावे आणि शिकलेले तिच्यासमोर एकदा करून दाखवावे. कुटुंबातल्या एकाने नव्हे, दोघांनी शिकावे. दुसरी, जिथे परिसरातील पंधरा-वीस घरे एकत्र येतात, तिथे वर्षातून दोनदा एखाद्या प्रशिक्षित परिचारिकेला सन्मानाने बोलवावे. हार घालून घरी पाठवण्यासाठी नव्हे, तर तिच्याकडून रक्तदाब मोजणे, कूस बदलणे, छातीदाबाचे प्रथमोपचार शिकण्यासाठी. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली आहेत. मागे राहिलेल्या आई-वडिलांचा आधार आता शेजारच आहे, आणि शेजारधर्मालाही शास्त्राची जोड हवी.

अखेरीस, त्या अडुसष्ट वर्षांच्या पत्नीचा विसर पडू नये. गुरुजींची वही ती लिहील, पण तिचा स्वतःचा रक्तदाब कोणी मोजला आहे काय? घरोघरी रुग्णसेवेचा भार बहुधा एकाच स्त्रीच्या खांद्यावर पडतो. तिची झोप, तिचे औषध, तिचे जेवण सर्वांत शेवटी येते. खचलेली शुश्रूषिका रुग्णालाही सांभाळू शकत नाही. आठवड्यातील दोन रात्री दुसऱ्या कोणी जागाव्यात, दूरच्या मुलाने पैशाबरोबर रजाही पाठवावी.

उद्या सकाळी ज्या घरात हृदयरुग्ण आहे, तिथे देवपूजेइतक्याच नेमाने वजनकाटा बाहेर यावा आणि आकडा वहीत उतरावा. आणि तो वाढलेला दिसला, तर ‘अंगी लागले’ म्हणण्याआधी पायांवर बोट दाबून पाहावे. डोळस सेवेची सुरुवात तिथून होते.